पायऱ्या कोणी उडवल्या? त्र्यंबकच्या डोंगरांतले १८१८ आणि देवळालीच्या तोफा

त्र्यंबकेश्वरचा विषय निघाला, की इतिहासाची आवड असलेला कोणीतरी नासक हिऱ्याची गोष्ट हटकून काढतो. गोष्ट खरीच विलक्षण आहे. परंपरेनुसार हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या चरणी होता. पुढे तो पेशव्यांच्या जवाहिरात गेला आणि १८१८ मध्ये युद्धातील लूट म्हणून इंग्रजांच्या हाती पडला. तेथून तो लंडनच्या बाजारात पोहोचला. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने विकत घेतला आणि विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यांनी त्याला नवे पैलू पाडले. मूळ सुमारे ९० कॅरटचा हिरा आता ४३ कॅरटच्या आसपास उरला आहे. तो परत यावा की नाही, यावर दरवर्षी नव्याने वाद होतात.

या थ्रेडमध्ये मात्र हिऱ्याविषयी एवढेच. ज्या युद्धात तो गेला, त्याच युद्धाचे काही अवशेष कोणी कोठेही नेलेले नाहीत. ते त्र्यंबकच्या भोवतालच्या डोंगरांवर उघड्यावर पडले आहेत. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना हात लावला आहे, त्यांच्यापुढे दोर बांधला आहे, त्यांच्यापाशी उभे राहून छायाचित्रेही काढली आहेत. फक्त ते अवशेष आहेत हे लक्षात आले नाही, कारण त्यांचे स्वरूप ‘नसण्या’चे आहे. कड्यात खोदलेल्या पायऱ्या वर चढत जातात, मध्येच नाहीशा होतात आणि वीस-तीस फुटांवर पुन्हा सुरू होतात. ती मधली रिकामी जागा हाच तो अवशेष.

प्रथम भूगोल. ब्रह्मगिरी म्हणजेच त्र्यंबकगड, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच, गोदावरीचे उगमस्थान. त्याच्या पूर्वेस अंजनेरी, पुढे गडगडा, आणि रांग नाशिक-मुंबई रस्त्याकडे उतरत जाते तेथे बहुला. पश्चिमेकडे वळलो की हरिहर आणि भास्करगड. सह्याद्रीच्या मुख्य धारेवरून उतरणारे घाट, कोकणातून वर येणारा माल आणि नाशिकची बाजारपेठ या साऱ्यांवर नजर ठेवणारी ही किल्ल्यांची माळ आहे. तिच्या पूर्वेकडील पायथ्याला, त्र्यंबकपासून रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरवर, देवळाली आहे. तेथे आज भारतीय लष्कराचे तोफखाना विद्यालय आहे. बहुला किल्ला तर त्या विद्यालयाच्या गोळीबार सरावाच्या क्षेत्रातच येतो. ज्या डोंगरांचे भवितव्य एकदा तोफांनी ठरवले, त्याच डोंगरांच्या पायथ्याशी आज तोफ चालवण्याचे शिक्षण दिले जाते. हा योगायोग आहे, पण त्याचा इतिहास उलगडण्याजोगा आहे.

युद्ध या बाजूला आले कसे, हे थोडक्यात पाहू. १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्याचा ठपका दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले आणि सप्टेंबर १८१६ मध्ये तो तेथून निसटला. तो लपला ते संगमनेर, नाशिक, खानदेश या पट्ट्यातील डोंगरांत. त्याला हजर करण्याच्या निमित्ताने एल्फिन्स्टनने बाजीरावाकडून १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे तीन किल्ले तारण म्हणून मागून घेतले. एका माणसाच्या बदल्यात तीन किल्ले! डोंगर, किल्ले आणि त्यांत आसरा घेणारी माणसे यांची इंग्रजांना किती धास्ती होती, ते या सौद्यावरून कळते. ही धास्ती ध्यानात ठेवा. पायऱ्या का उडवल्या, याचे उत्तर तिच्यातच आहे.

पुढचा घटनाक्रम आपल्याला पाठ आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई, १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव, २० फेब्रुवारीला अष्टीत बापू गोखल्यांचा मृत्यू. अष्टीनंतर मोकळ्या मैदानावरचे युद्ध जवळजवळ संपले. उरले होते किल्ले. उत्तरेकडील, म्हणजे चांदवड-नाशिक-खानदेशकडील किल्ल्यांची मोहीम लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याच्याकडे सोपवली गेली. त्याची फौज फार मोठी नव्हती. रॉयल स्कॉट्सच्या काही तुकड्या, मद्रासचे गोरे व देशी पायदळ, थोडे घोडदळ आणि पायोनियर, म्हणजे कुदळी-फावडी घेऊन सैन्यासाठी वाट तयार करणारे शिपाई. या शेवटच्या गटाकडे पाठ्यपुस्तकांचे लक्ष जात नाही. माझ्या मते मोहिमेचे खरे नायक (किंवा आपल्या बाजूने पाहिले तर खरे अपराधी) तेच होते.

कारण प्रश्न वाटेचाच होता. किल्ल्याची तटबंदी फोडणारी त्या काळची अठरा पौंडी लोखंडी तोफ सुमारे दोन टन वजनाची असे. तिचा गोळा दगडी तटावर परिणामकारक ठरायचा असेल, तर ती काहीशे यार्डांच्या अंतरावर आणून उभी करावी लागे. मैदानावर बैलांच्या जोड्या लावल्या की काम भागते. सह्याद्रीच्या उतारावर बैल एका मर्यादेपर्यंतच चढतात. पुढे दोर, ओंडके आणि माणसांचे खांदे. किल्ला बांधणाऱ्यांचा सारा हिशेब यावरच बेतलेला होता: वर येणारा एकेकट्याने येईल आणि तोफ तर येऊच शकणार नाही.

एप्रिल १८१८ च्या पहिल्या पंधरवड्यात अणकाई लढाईविना हाती आली आणि मग चांदवडजवळचा राजदेहेर घेतला गेला. तेथून फौज नाशिकमार्गे एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात त्र्यंबकच्या पायथ्याशी आली. किल्ल्यावर जाण्याच्या वाटा दोनच. दक्षिणेकडचा दरवाजा मोठा, उत्तरेकडचा अरुंद, खडकात खोदलेल्या एका माणसापुरत्या वाटेचा. चहूबाजूंना शेकडो फुटांचा उभा कडा. शिबंदी पाचशेच्या आसपास: मराठे, रजपूत आणि थोडे सिद्दी. वर पाणी मुबलक, कारण गोदावरीच तेथे उगम पावते. ज्या किल्ल्यावर बाहेरून मदत येण्याची आशा आहे, त्या किल्ल्यासाठी ही परिस्थिती उत्तम होती.

मॅकडॉवेलने मोर्चे बांधले, तोफा डागल्या आणि दोन-तीन दिवसांतच, २५ एप्रिलच्या सुमारास, किल्ला खाली झाला.

येथे आपल्यातील दुर्गप्रेमी चरफडतात. फितुरी झाली असेल, किल्लेदार नामर्द निघाला असेल, असे म्हणून आपण मोकळे होतो. एक तुलना करून पाहा. त्याच मॅकडॉवेलची तीच फौज मेच्या मध्यावर मालेगावच्या किल्ल्यापुढे उभी राहिली. मालेगावचा किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेला. तो मोसम नदीच्या काठी सपाट जमिनीवर आहे. ना कडा, ना उंची. आत अरब शिबंदी होती आणि ती खरोखर लढली. इंग्रजांचा मुख्य इंजिनीअर लेफ्टनंट डेव्हिस वेढ्याच्या सुरुवातीलाच मारला गेला. २९ मेचा हल्ला फसला. खिंडाराच्या टोकाशी पोहोचलेल्या एन्साइन नॅटेसला खाली उतरण्याजोगी जागाच नाही असे दिसले आणि तेथेच तो पडला. नव्या तोफा आणि उखळी तोफा मागवाव्या लागल्या. ११ जून रोजी एक गोळा किल्ल्यातील दारूकोठारावर पडून प्रचंड स्फोट झाला, तटाचा मोठा भाग कोसळला आणि १३-१४ जूनला किल्ला हाती आला. इंग्रजांकडील मृत आणि जखमींची संख्या दोनशेच्या वर गेली.

म्हणजे आकाशाला टेकलेला त्र्यंबक तीन दिवसांत पडला आणि जमिनीला टेकलेले मालेगाव महिनाभर झुंजले. उंची हेच बळ असते, तर हे उलट घडायला हवे होते.

याचा उलगडा तोफखान्याच्या अंगाने केला तर होतो. ज्या किल्ल्याला वर येण्याची वाट एकच, त्याला खाली जाण्याचीही वाट एकच. मोर्चा नेमका त्या एका वाटेच्या तोंडाशी लागला, की पाचशे माणसे पाचशे राहत नाहीत. वेढा घालणाऱ्यांवर अचानक छापा घालणे हे मालेगावच्या अरबांना जमले, कारण त्यांना बाहेर पडायला जागा होती. त्र्यंबकच्या उत्तर दरवाजातून एका वेळी एकच माणूस उतरू शकत होता. शिवाय उखळी तोफेचा गोळा कड्याला टक्कर देत नाही, तो वरून येतो. रायगडावर मे १८१८ मध्ये हेच झाले. प्रॉथरच्या उखळी तोफांच्या गोळ्यांनी आगी लागल्या, वाडे जळाले आणि १० मे रोजी गड खाली झाला. कड्याने अडवले ते माणसाला; वरून कोसळणाऱ्या गोळ्याला नाही.

दुसरे कारण तोफेचे नाही, वेळेचे आहे. एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकच्या किल्लेदाराने कोणाची वाट पाहायची? पुणे पाच महिन्यांपूर्वी गेले होते. बाजीराव पळत होता आणि ३ जूनला तो माल्कमच्या स्वाधीन होणार होता. डोंगरी किल्ल्याचे सारे तंत्र ‘थांबा, पावसाळा येईल, मदत येईल’ या भरवशावर उभे असते. पावसाळा येणार होता. मदत येणार नव्हती. मालेगावच्या अरबांची गोष्ट वेगळी. ते भाडोत्री शिपाई होते, हा मुलूख त्यांचा नव्हता, त्यांना परत जायला घर जवळ नव्हते. त्यांनी सरळ अटींसाठी लढा दिला.

त्र्यंबक पडल्याचा धक्का एवढा मोठा होता, की आसपासचे १७ किल्ले गोळी न झाडता इंग्रजांच्या हवाली झाले. हरिहर, भास्करगड, कावनई, रामशेज ही त्यांतली काही नावे. याच रामशेजने औरंगजेबाच्या सरदारांना वर्षानुवर्षे झुंजवले होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे. किल्ले मिळाले, पुढे काय?

प्रत्येक किल्ल्यावर शिबंदी ठेवणे कंपनीला परवडणारे नव्हते. मोकळे सोडणेही धोक्याचे, कारण त्रिंबकजी अजून बाहेरच होता. तो जूनच्या अखेरीस नाशिकच्या बाजूलाच, अहिरगावात, कॅप्टन स्वॉन्स्टनच्या हाती लागला. पुढे चुनारच्या किल्ल्यात कैदेत असतानाच तो वारला. पण त्रिंबकजी पकडला गेला तरी कोळी, भिल्ल, ठाकर यांचे डोंगर तसेच होते. मग मार्ग निघाला तो असा: तट पाडत बसायचे नाही. त्याला माणसे लागतात, दारू लागते, वेळ लागतो. फक्त वाट तोडायची. पायऱ्यांच्या अवघड टप्प्यात सुरुंग लावून पंधरा-वीस पायऱ्या उडवल्या की वरचा अख्खा किल्ला निरुपयोगी. इगतपुरीच्या बाजूचे अलंग आणि मदन आज दोराशिवाय का चढता येत नाहीत, याचे कारण हेच. भास्करगडाच्या खोबणीतली वाटही अशीच जखमी आहे.

या कामाशी ज्याचे नाव जोडले जाते, तो कॅप्टन जॉन ब्रिग्ज. खानदेशाचा पोलिटिकल एजंट. याच माणसाने पुढे फिरिश्त्याच्या फार्सी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १८२९ मध्ये छापले गेले. दख्खनच्या सुलतानीविषयी आपण आज जे वाचतो, त्यातला बराच भाग त्या भाषांतरातून आलेला आहे. इतिहास जपणारा आणि इतिहासाच्या वाटा बंद करणाऱ्या राजवटीचा अंमलदार एकच, ही विसंगती मला नेहमी अस्वस्थ करते.

ब्रिग्जने १८१८ मध्ये हरिहरही पाहिला. त्या उभ्या शिडीसारख्या पायऱ्या पाहून तो थक्क झाला आणि त्याने तसे लिहूनही ठेवले. त्यावरून एक लोकप्रिय कथा तयार झाली आहे: पायऱ्यांच्या सौंदर्यावर भाळून त्याने हरिहरला अभय दिले. कथा गोड आहे. पण थक्क होणे वेगळे आणि अभय देणे वेगळे. त्याच्या विस्मयाचा पुरावा आपल्याकडे आहे; त्या विस्मयामुळे आदेश बदलल्याचा पुरावा कोणी दाखवत नाही. तोवर मी ही कथा सांगताना ‘असे म्हणतात’ हे शब्द गाळत नाही, तुम्हीही गाळू नका.

आणखी एक सावधगिरी. तुटलेली प्रत्येक पायरी इंग्रजांच्या खात्यावर टाकू नका. सह्याद्रीचा बेसाल्ट उन्हात तापतो, पावसात भिजतो, भेगांतून पाणी शिरते, वर्षानुवर्षांनी अख्खी शिळा सुटते. दरडीने तुटलेली वाट आणि सुरुंगाने तुटलेली वाट यांत फरक असतो. दरडीची तूट खडकाच्या नैसर्गिक सांध्यावर होते, आणि सुटलेली शिळा बहुधा खाली जवळपास सापडते. सुरुंगासाठी आधी पहारीने छिद्र पाडावे लागे. स्फोटानंतर त्या छिद्राचा अर्धा भाग कधीकधी कातळावर पन्हळीसारखा शिल्लक राहतो. अशी अर्धगोल, सरळ रेघ तुटलेल्या टप्प्यात दिसली, तर थांबा आणि तिचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्या. ही रेघ म्हणजे एखाद्या पायोनियराच्या पहारीची सही असू शकते. पुढच्या काळात बोल्ट ठोकण्यासाठी पाडलेली छिद्रेही असतात. ती बारीक आणि नीट गोल असतात, त्यांची गल्लत करू नये.

स्वतः त्र्यंबकगडाची स्थिती मोठी बोधक आहे. आज यात्रेकरू ब्रह्मगिरीवर ज्या रुंद, बांधीव पायऱ्यांनी चढतात, त्यांतला बराच भाग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भाविकांच्या देणगीतून झाला. म्हणजे सरकारने शेजारच्या गडांच्या वाटा तोडल्या, त्यानंतर जेमतेम ९० वर्षांनी भक्तांनी या गडाची वाट प्रशस्त केली. गोदावरीचे उगमस्थान वर नसते, तर ब्रह्मगिरीही आज अलंगसारखा एकाकी राहिला असता. जुनी लष्करी वाट पाहायची असेल, तर गर्दी सोडून दुर्गभांडारकडे जा. अरुंद धारेवरून चालत गेल्यावर कातळाच्या पोटात उतरणाऱ्या खोल पायऱ्या लागतात, दोन्ही बाजूंना भिंतीसारखा खडक, आणि टोकाला इतका ठेंगणा दरवाजा की सरपटत बाहेर पडावे लागते. खांद्यावर बंदूक घेतलेल्या शिपायाला येथून किती वेगाने जाता येईल, याचा अंदाज स्वतःच्या गुडघ्यांवरून घ्या.

वाटा तोडून डोंगर शांत झाले का? नाही. १८४०च्या दशकात राघोजी भांगरे याच डोंगरांच्या भरवशावर इंग्रजांशी लढला. ५ डिसेंबर १८५७ च्या रात्री भिल्ल आणि ठाकरांच्या टोळीने त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला आणि मग ते भोवतालच्या डोंगरांत पसरले. किल्ल्यांच्या पायऱ्या गेल्या होत्या. जंगलाच्या पायवाटांना कोणी सुरुंग लावू शकत नव्हते.

आता देवळाली. १८५७ नंतरच्या पुनर्रचनेत गोऱ्या पलटणींची भारतातील संख्या वाढली. मुंबईच्या बंदराला उतरणाऱ्या आणि तेथून मायदेशी परतणाऱ्या शिपायांसाठी थंड हवेचा, रेल्वेवरचा मुक्काम हवा होता. तो १८६०च्या दशकात देवळालीला झाला. बोटी हिवाळ्यातच चालत. ज्यांची बोट हुकली, ते महिनोन्महिने काहीही न करता तेथे पडून राहत. ताप, दारू, कंटाळा आणि वेड यांची मिसळण होऊन इंग्रजी शिपाईबोलीत ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग रुजला. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ‘ताप’. डोके फिरलेल्या माणसाला इंग्लंडात आजही ‘डूलॅली’ म्हणतात आणि म्हणणाऱ्याला नाशिक जिल्ह्याचा पत्ता नसतो. साम्राज्याचे काही अवशेष असे शब्दकोशातही पडून असतात.

तोफखाना विद्यालय येथे आले १९४१ मध्ये, वायव्येकडच्या काकूलहून. दुसरे महायुद्ध चालू होते, प्रशिक्षणासाठी मोठी मोकळी जमीन आणि गोळे पडतील असे डोंगर हवे होते. १९४७ मध्ये फाळणी झाली, काकूल पाकिस्तानात गेले, देवळाली भारतात राहिली. भारतीय तोफखाना आपला वर्धापनदिन २८ सप्टेंबरला पाळतो. १८२७ मध्ये त्या दिवशी मुंबई इलाख्याच्या सैन्यात गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली, तीच पुढे पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी झाली. त्र्यंबक पडल्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी. मद्रासच्या फौजेने त्र्यंबक घेतला तेव्हा तोफ वर कशी न्यायची, ही अडचण होती. माउंटन बॅटरी म्हणजे त्या अडचणीवरचे एकोणिसाव्या शतकातील उत्तर: तोफ सुटी करून खेचरांच्या पाठीवर लादायची आणि डोंगरावर जाऊन पुन्हा जोडायची.

एकविसाव्या शतकातील उत्तर त्याच देवळालीत पाहायला मिळाले. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे झालेल्या समारंभात एम-७७७ ही हलकी १५५ मिलिमीटरची तोफ लष्करात दाखल झाली. वजन सुमारे सव्वाचार टन, म्हणजे १८१८ च्या तोफेच्या दुप्पट. पण ती हेलिकॉप्टरला टांगून डोंगरमाथ्यावर नेता येते आणि तिचा मारा काहीशे यार्डांचा नाही, चोवीस किलोमीटर आणि त्याहून अधिक आहे. मॅकडॉवेलचे मोर्चे आणि हा समारंभ यांत बरोबर २०० वर्षांचे अंतर आहे. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर शत्रू वर आणि आपण खाली असताना बोफोर्स तोफांनी जे काम केले, त्यातला प्रश्नही तोच होता: उंचीवर बसलेल्याला खालून कसे उठवायचे? आपल्या गडांच्या बाबतीत आपण तटाआड होतो, कारगिलमध्ये आपण तोफेमागे होतो. डोंगराचे गणित दोन्हीकडे सारखेच.

नाशिक रोड कॅम्पमध्ये तोफखाना केंद्राचे संग्रहालय आहे. जुन्या तोफा जवळून पाहायच्या असतील, तर प्रवेशाची चौकशी करून जरूर जा. लांबून चित्रात पाहिलेली तोफ आणि जिच्या चाकाची उंची आपल्या छातीला लागते ती तोफ यांत फार अंतर असते.

राहिला बहुला. नाशिकच्या गिर्यारोहकांच्या तोंडी त्याचे नाव नेहमी एका अटीसह येते: सराव आहे का, ते आधी पाहा. आंबे बहुला गावाच्या माथ्यावरचा हा किल्ला सरावक्षेत्रात असल्याने लष्कराच्या परवानगीविना तेथे जाऊ नये. हे नियमासाठी नाही, जिवासाठी सांगतो. गोळीबाराच्या क्षेत्रात न फुटलेले गोळे जमिनीत, गवतात राहू शकतात. वरून गंजलेला, मातीत अर्धा बुडालेला धातूचा तुकडा ‘पेशवेकालीन तोफगोळा’ वाटून उचलण्याचा मोह इतिहासप्रेमींनाच अधिक होतो. पेशवेकालीन गोळा म्हणजे बहुधा ओतीव लोखंडाचा किंवा दगडाचा साधा गोल. निमुळते तोंड, तांब्याचा पट्टा, पंख असे काही दिसले, तर ती वस्तू आधुनिक आहे. हात न लावता, आल्या पावली मागे फिरून पोलिसांना कळवायचे. आणि जुना वाटला म्हणून साधा गोल गोळाही उचलायचा नाही, कारण पोकळ गोळ्यात दारू भरण्याची रीत १८१८ मध्येही होतीच.

सरावामुळे या डोंगराचे नुकसान होते, अशी तक्रार करणारे आहेत आणि सरावामुळेच तेथे बांधकाम, खाणकाम, बाटल्यांचा कचरा पोहोचला नाही, असे म्हणणारेही आहेत. शेजारच्या हरिहरच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी लागणारी रांग पाहिली, की मला दुसऱ्या गटाचे म्हणणे अगदीच टाकाऊ वाटत नाही. परंतु एक अडचण राहतेच. बहुल्याच्या कातळावरचा एखादा फुटका कंगोरा दिसला, तर तो १८१८ नंतरच्या सुरुंगाचा, १९४१ नंतरच्या गोळ्याचा की केवळ पावसाचा? इतर किल्ल्यांवर या प्रश्नाला दोन उत्तरे असतात, येथे तीन. प्रत्येक हंगामात त्यांची सरमिसळ वाढत जाते.

म्हणून ज्यांना रीतसर परवानगी मिळेल, त्यांनी शिखरावरच्या छायाचित्राआधी वाटेची छायाचित्रे घ्यावीत. तुटलेला प्रत्येक टप्पा, त्याची खालची शेवटची आणि वरची पहिली पायरी, मधले अंतर, कातळावरच्या खुणा, तारीख. हरिहर, भास्करगड, बहुला, अंजनेरी, ब्रह्मगिरी, पाचही ठिकाणी एकाच पद्धतीने. या माळेतल्या किती वाटा खरोखर सुरुंगाने तुटल्या, याची पायरीनिहाय यादी माझ्या पाहण्यात आलेली नाही. तुमच्यापैकी कोणाकडे अशा टप्प्यांची जुनी छायाचित्रे असतील, विशेषतः वाटेवर लोखंडी कठडे आणि शिड्या बसण्यापूर्वीची, तर ती खाली जरूर जोडा.